छोटा धंदा मोठा का होत नाही?

(वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणावरून हा मजकूर लिहून काढला आहे. वेळेअभावी बोलायची राहून गेलेली थोडी माहिती त्यात घातली आहे.)



समितीने आम्हाला उद्योगधंद्यावर बोलायला सांगितले आहे. आता आम्ही काही उद्योजक नाही. आमची हयात साचेखात्यात गेली. १९८८ साली बदली म्हणून लागलो. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागले, गिरणी बंद झाली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. शिक्षण म्हणाल तर नववी नापास. पुढचे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. तेव्हा "याला धंद्यातलं काय कळतं?" असे कोणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे.

पण एक काम आम्ही वीस वर्षांच्या वर केले आहे. वस्तीच्या मदत निधीचा हिशेब आम्ही ठेवतो. धंदा करणाऱ्याला पैसे द्यायचे आणि ते वसूल करायचे, हे ते काम. म्हणून धंदा कसा करावा हे आम्ही सांगणार नाही. धंदा करणाऱ्याला मदत कशी करावी, आणि आपण ती कशी चुकीची करतो, एवढेच सांगणार आहोत. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो, कारण ती आम्हाला सगळ्यात चांगली ठाऊक आहे.

गोष्ट २०११ सालची. आपल्या वस्तीतल्या एका ताईंनी निधीकडे अर्ज केला. शाळेची दप्तरे शिवण्यात त्यांचा हात बसलेला. दुसऱ्याच्या कारखान्यात नगावर शिवायच्या. स्वतःची मोटरवाली, जाड कापडाची मशीन घ्यावी, घरी शिवावे, पुढे हाताखाली एकदोन मुली घ्याव्यात, असा त्यांचा बेत होता. नव्या मशीनची किंमत तेरा हजाराच्या आसपास. आम्ही १२,००० रुपये मंजूर केले. हप्ता दर आठवड्याला २५० रुपये, ५० आठवडे. पहिला हप्ता पुढच्याच रविवारी.

आता मंडळी, तुम्हीच हिशेब करा. पैसे हातात आले एप्रिलमध्ये. दप्तराचा हंगाम जूनचा. व्यापारी माल उचलणार मे महिन्याच्या शेवटी आणि पैसे देणार जूनमध्ये. मधल्या आठ हप्त्यांचे २,००० रुपये आणायचे कुठून? ताईंनी कोणतीही व्यवहारी बाई करील तेच केले. ३,००० रुपये हप्त्यांसाठी डब्यात बाजूला ठेवले, आणि उरलेल्या ९,००० मध्ये जुनी, वापरलेली मशीन घेतली. ऐन जूनमध्ये मोटर जळाली. दुरुस्त केली, परत जळाली. व्यापाऱ्याने ऑर्डर दुसरीकडे दिली. ताईंचे तीन हप्ते थकले.

आणि आम्ही काय केले? निधीचा नियम होता की थकबाकीदाराचे नाव मासिक सभेत वाचून दाखवायचे. खजिनदार आम्ही. आम्ही उठलो आणि नाव वाचले. ताई मान खाली घालून बसल्या होत्या. पुढच्या महिन्यात त्यांनी मशीन विकली, कानातले मोडले आणि सगळे कर्ज एकदम फेडले. मग एका ऑफिसात झाडू-पोछ्याच्या कामाला लागल्या. दोन-तीन वर्षे त्या विहाराकडे फिरकल्या नाहीत. त्या सालच्या अहवालात आम्ही मोठ्या अक्षरांत छापले, "वसुली शंभर टक्के". टाळ्या पडल्या.

आज हे बोलण्याआधी आम्ही त्यांच्या घरी गेलो, परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "सांगा भाऊ, सांगा. फक्त नाव घेऊ नका. एकदा घेतलंय तुम्ही." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

दर आठवड्याचा हप्ता, पाच जणांचा गट, एकमेकांची जामिनकी, हे नियम आम्ही घरी बसून रचले नव्हते. ते आले बांगलादेशातून. त्या देशात १९७४ साली मोठा दुष्काळ पडला. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मोहम्मद युनूस १९७६ मध्ये शेजारच्या जोब्रा गावात फिरत होते. तिथल्या बाया बांबूची मोढी विणायच्या. बांबूला लागणारे पैसे व्यापारी द्यायचा आणि अट अशी की मोढा त्यालाच, त्याने ठरवलेल्या भावात विकायचा. दिवसभर विणून हातात पडायचे ते काही पैसे. युनूसांनी यादी केली तेव्हा ४२ माणसे मिळून ८५६ टक्यांची देणेकरी निघाली, म्हणजे त्या वेळचे साधारण २७ डॉलर. एवढ्याशा रकमेपायी ४२ घरे बांधली गेली होती. युनूसांनी ती रक्कम खिशातून दिली. पुढे १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली युनूस आणि बँक दोघांना मिळून शांततेचे नोबेल मिळाले.

आपल्या गिरणगावातही हे दुखणे होते. खानावळ चालवणाऱ्या बाया वाण्याकडून उधारीवर किराणा भरायच्या, तो सांगेल त्या भावात, कारण जेवणाऱ्या कामगाराचे पैसे पगाराशिवाय यायचे नाहीत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायांसाठी बँकेची दारे उघडली. सांगायचा मुद्दा हा की छोट्या माणसाला सावकाराच्या तावडीतून सोडवायला कर्ज लागतेच. त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण सावकारापासून सुटका होणे वेगळे आणि धंदा वाढणे वेगळे. इथेच आपली गल्लत झाली. कर्ज दिले म्हणजे धंदा आपोआप वाढतो, असे पुष्कळ वर्षे सगळ्या जगात धरून चालले होते. मग काही अभ्यासकांनी ते तपासायचे ठरवले. त्यात अभिजित बॅनर्जी होते, ज्यांना २०१९ साली एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, आपल्या मराठीच. ती बातमी पेपरात वाचून आम्ही या विषयाकडे वळलो. इंग्रजी मजकूर मुलगी वाचून अर्थ सांगायची, आम्ही वहीत मराठीत उतरून घ्यायचो. त्या वहीतलेच आज सांगतो आहोत.

त्यांनी हैदराबादमधल्या १०४ वस्त्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यातल्या ५२ निवडल्या आणि तिथे छोटे कर्ज देणाऱ्या संस्थेने आधी शाखा उघडल्या. मग दोन्हीकडची घरे ताडून पाहिली. काय दिसले? ज्यांचा धंदा आधीपासून बरा चालला होता, त्यांचा थोडा वाढला. बाकीच्यांच्या नफ्यात म्हणण्यासारखा फरक नाही. मुलांच्या शिक्षणात नाही, घरात बाईच्या शब्दाला वजन येण्यातही नाही. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को इथेही अशीच तपासणी झाली आणि २०१५ साली सगळे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. थोडक्यात, कर्जाने बहुतेकांचे वाटोळे झाले नाही, पण बहुतेकांची गरिबीही हटली नाही. आणि जिथे नुसती वसुली हाच धंदा झाला, तिथे काय होते ते २०१० साली आंध्र प्रदेशात दिसले. एकेका बाईच्या डोक्यावर तीन-तीन, चार-चार संस्थांचे कर्ज, दारात वसुलीवाले, आणि आत्महत्या. शेवटी राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला.

मग छोट्या धंद्याला वाढायला कर्जाशिवाय आणखी काय लागते? आमच्या वहीत चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट सवड. हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर ती दप्तराची मशीन उभी राहिली. कोलकात्यात २००७ साली कर्ज घेणाऱ्या बायांचे दोन भाग केले. एका भागाला नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी पहिला हप्ता. दुसऱ्या भागाला दोन महिन्यांनी. बाकी व्याज, रक्कम, नियम सारखेच. तीन वर्षांनी जाऊन पाहिले तर दोन महिने सवड मिळालेल्या बायांनी धंद्यात जास्त पैसा घातला होता आणि त्यांचा नफाही जास्त होता. कारण सरळ आहे. पुढच्याच रविवारी हप्ता द्यायचा असेल तर माणूस असाच धंदा करतो ज्याचे पैसे शनिवारी हातात येतात. मशीन, हत्यार, साचा घेऊन पुढे जाण्याची हिंमत तो करीत नाही. आपण त्याला बांधून ठेवतो आणि वर म्हणतो, "आपले लोक मोठा विचार करीत नाहीत."

पण आम्ही एकच बाजू सांगणार नाही. त्याच कोलकात्यात, सवड मिळालेल्यांमध्ये कर्ज बुडवणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. जो हिंमत करतो तो कधी आपटतोही. बँकेने हे बघितले तर ती म्हणेल, नको ती सवड. पण आपण बँक आहोत का? आपल्याला हप्ता हवा आहे की आपल्या माणसाचा धंदा हवा आहे? दोन्ही हवे असतील तर थोडे बुडीत सोसण्याची तयारी निधीने आधीच करून ठेवली पाहिजे. आणि सवड सगळ्यांना लागत नाही हेही समजून घेतले पाहिजे. भाजीवाल्याचा पैसा संध्याकाळी परत येतो, त्याला आठवड्याचा हप्ता सोयीचा. मशीन घेणाऱ्याचा पैसा हंगामाला येतो. दोघांना एकच नियम लावणे म्हणजे न्याय नव्हे.

दुसरी गोष्ट दोन डब्यांची. मध्य अमेरिकेजवळच्या समुद्रात डोमिनिकन रिपब्लिक म्हणून छोटा देश आहे. तिथे छोट्या दुकानदारांना दोन प्रकारचे शिक्षण देऊन पाहिले. काहींना रीतसर जमाखर्च शिकवला. काहींना फक्त साधे नियम सांगितले. घरचा पैसा एका खणात, धंद्याचा दुसऱ्या खणात. एकातून दुसऱ्यात घ्यायचा झाला तर चिठ्ठी लिहून टाकायची, आणि तेवढा परत ठेवायचा. रीतसर जमाखर्च शिकलेल्यांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. दोन खणवाल्यांचा हिशेब सुधारला आणि मंदीच्या आठवड्यातही त्यांची विक्री बरी टिकली. शिकवणे सोपे असले तर माणूस ते पाळतो. आपल्याला यात नवल वाटायला नको. मिळकतीचे चार भाग करावेत, एक स्वतःसाठी, दोन कामधंद्यात आणि एक अडीअडचणीला, असा उपदेश सिगालोवाद सुत्तात आहेच. आपण ते ऐकतो आणि घरी जाऊन एकाच डब्यातून दूधवाल्याला देतो, कापडवाल्यालाही देतो आणि पाहुण्यालाही देतो. वर्षाअखेरीस धंदा नफ्यात की तोट्यात, कोणालाच सांगता येत नाही.

याला जोडून एक बोचणारी गोष्ट आहे, ती पुरुष मंडळींनी नीट ऐकावी. श्रीलंकेत २००५ साली छोट्या धंदेवाल्यांना कर्ज नव्हे, चक्क मदत म्हणून दहा-वीस हजार श्रीलंकन रुपये किंवा तेवढा माल दिला. पुरुषांचा नफा चांगला वाढला, बायांचा जवळपास वाढलाच नाही. लगेच म्हणणारे म्हणाले, बायांना धंदा जमत नाही. पुढे श्रीलंका, घाना आणि भारतातली माहिती परत तपासली तेव्हा खरे कारण कळले. ज्या घरात बाईचा एकटीचाच धंदा होता, तिथे तिचाही नफा वाढला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा होता, तिथे बाईच्या नावावर आलेला पैसा नवऱ्याच्या गल्ल्यात गेला होता. आपल्या बचत गटांत काय चालते हे आम्ही वेगळे सांगायला नको. सही ताईची, गाडी दादाची.

तिसरी गोष्ट वहीची आणि विश्वासाची. ही आमच्या घरची, म्हणजे कापडधंद्याची. आजच्या पालघर जिल्ह्यातले तारापूर आणि पलीकडचे गुजरातमधले उंबरगाव इथे कापड विणण्याचे पुष्कळ कारखाने आहेत. २००८ ते २०१० या काळात १७ मालकांच्या २८ कारखान्यांवर एक प्रयोग झाला. निवडलेल्या कारखान्यांत सल्लागारांनी पाच महिने फुकट काम केले. त्यांनी नवी मशीन आणली नाही. सूत कुठे किती आहे ते लिहून ठेवा. साच्याची देखभाल बिघडण्याआधी करा. कापडात कोणता दोष कोणत्या साच्यावर आला त्याची रोज नोंद करा, आणि रोज बसून त्यावर बोला. एवढेच. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, दोष जवळजवळ निम्म्यावर आले, आणि पुढे त्या मालकांनी नवे कारखानेही काढले.

आमच्या मुलीने हे वाचले तेव्हा आम्ही हसलो. म्हटले, हे तर कोणत्याही साचेवाल्याने सांगितले असते! दोषाची नोंद आमच्या गिरणीतही होती. पण ती कशासाठी? फोल्डिंग खात्यातून कापड परत आले की साच्याचा नंबर बघायचा आणि साचेवाल्याचा दंड कापायचा. सूत कच्चे होते की साचा झिजला होता, हे कोणी विचारायचे नाही. म्हणून साचेवाला दोष लपवायचा. तारापूरला तीच वही कारण शोधण्यासाठी ठेवली. वही तीच, वापर वेगळा. मग आमच्या लक्षात आले की मदत निधीची आमची वहीसुद्धा दंडाचीच वही होती. ताईंचा हप्ता का थकला हे त्या वहीत लिहायला रकानाच नव्हता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. कारखाना किती मोठा होणार हे कशावरून ठरते? मालकाला किती भाऊ आणि किती मुलगे आहेत यावरून! कारण परक्या माणसाच्या हाती गल्ला द्यायची मालकाची तयारी नसते. चोरी झाली तर कोर्टात वर्षानुवर्षे निकाल लागत नाही. घरातला माणूस संपला की धंद्याची वाढ संपली. आपल्याकडेही हेच. दुकान चांगले चालते, पण मालक आजारी पडला की शटर खाली. वही असली तर परक्यावर विश्वास ठेवता येतो, कारण विश्वास तपासता येतो. तोंडी कारभारात फक्त रक्ताचे नातेच चालते. हेही सांगितले पाहिजे की २०१७ साली अभ्यासक परत गेले तेव्हा लावलेल्या सवयींतल्या जवळपास निम्म्या सुटल्या होत्या, बऱ्याच ठिकाणी मॅनेजर बदलल्यामुळे किंवा मालकाला वेळ नसल्यामुळे. तरीही ते कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते. म्हणजे एकदा शिबिर घेतले, फोटो काढला, झाले, असे होत नाही. परत परत जावे लागते.

चौथी गोष्ट गिऱ्हाईक. इजिप्त देशात नाईल नदीच्या मुखाकडे फुवा नावाचे गाव आहे. तिथे हातमागावर सतरंज्या-गालिचे विणणारे लोक आहेत, बहुतेक एकटे किंवा एखादा माणूस हाताशी घेऊन. अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकून काही विणकरांना परदेशातल्या ऑर्डरी मिळवून दिल्या. पैसे दिले नाहीत, काम दिले. त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. पण आम्हाला आवडली ती पुढची गोष्ट. नंतर सगळ्या विणकरांना एका जागी बोलावून, सारख्याच मागावर, सारखाच गालिचा विणायला दिला. ज्यांनी परदेशी ऑर्डरी केल्या होत्या त्यांचा माल सरस निघाला, आणि वेळही जास्त लागला नाही. कडा सरळ नाही, इथे वीण सैल पडली, असे गिऱ्हाइकाचे बोलणे मध्यस्थामार्फत कानावर येत गेले आणि हात तयार होत गेला. चांगले गिऱ्हाईक हीच शाळा.

आपल्याला हे गिऱ्हाईकच मिळत नव्हते, हे आपण विसरू नये. बाबासाहेब बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आले तेव्हा त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याची कचेरी काढली होती. त्यांच्याएवढे अर्थशास्त्र त्या वेळी मुंबईत किती जणांना येत होते? पण जात कळली तसे गिऱ्हाईक यायचे बंद झाले आणि कचेरी बंद करावी लागली. विद्या होती, कष्टाची तयारी होती, गिऱ्हाईक नव्हते. आज थोडी दारे उघडली आहेत. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणाने सरकारी खाती आणि कंपन्या यांनी खरेदीतला ठरावीक भाग छोट्या उद्योगांकडून घ्यायचा आहे. आधी तो २० टक्के होता, २०१९ पासून २५ टक्के. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिलांसाठी. हा ४ टक्क्यांचा आकडा वर्षानुवर्षे गाठला गेला नाही. त्यात सरकारी खात्यांची अनास्था आहेच, पण आपल्यातल्या कितीजणांनी उद्यम नोंदणी केली आहे? ही नोंदणी फुकट होते. दलालाला पैसे देऊ नका.

तर सवड, दोन डबे, वही आणि गिऱ्हाईक. यातली एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही. बँकेकडे २०१५ पासून मुद्रा कर्ज आहे, ते घ्या. पण बँक तुम्हाला दोन डबे देणार नाही आणि मशीन बंद पडली तर बघायला येणार नाही. ते काम शेजाऱ्याचे आहे.

म्हणून आमच्या सूचना अशा. एक, मशीन किंवा हत्यारासाठी दिलेल्या कर्जाचा पहिला हप्ता दोन महिन्यांनी घ्यावा. त्या दोन महिन्यांत निधीच्या दोघांनी दर पंधरवड्याला जाऊन काम कसे चालले ते पाहावे. दोन, व्याजातला काही भाग बुडीतासाठी राखून ठेवावा, म्हणजे कोणी आपटला तर निधी कोसळणार नाही. तीन, नाव वाचण्याचा नियम कायमचा रद्द करावा आणि वहीत "हप्ता का थकला?" हा रकाना घालावा. चार, कर्जासोबत दोन डबे द्यावेत आणि महिन्यातून एका रविवारी शिकलेल्या मुलामुलींनी दोन तास बसून धंदेवाल्यांच्या वह्या लिहायला मदत करावी. पाच, वस्तीतल्या शिलाईवाल्यांनी आणि खाद्यपदार्थ करणाऱ्या भगिनींनी वेगवेगळे फिरण्यापेक्षा एकत्र मोठी ऑर्डर मागावी. आणि शेवटचे, अहवालात वसुलीचा आकडा छापायचा तर त्याखाली दुसरा आकडाही छापावा: कर्ज दिलेल्या धंद्यांपैकी वर्षानंतर किती चालू आहेत. आम्हाला हा आकडा त्या वेळी छापावा लागला असता तर टाळ्या पडल्या नसत्या.

सध्या निधीकडे तीन अर्ज पडून आहेत. एक भाजीच्या गाडीचा, एक मोबाइल दुरुस्तीच्या हत्यारांचा आणि एक शिलाई मशीनचा. नियम बदलायचे की नाहीत, हे आज या सभेने ठरवावे.

परवानगी मागायला गेलो तेव्हा निघताना आम्ही त्या ताईंना हा मशीनचा अर्ज सांगितला आणि विचारले, तुम्हीही परत घ्याल का? त्या म्हणाल्या, "आता डोळे साथ देत नाहीत भाऊ. पण ही जी कोण पोरगी घेतीये, तिला नवी घेऊ द्या. जुनी नको."

एवढे बोलून आम्ही थांबतो. जय भीम.

(भाषणानंतर सभेत चर्चा झाली. दोन सभासदांनी बुडीताबद्दल काळजी व्यक्त केली, ती इतिवृत्तात नोंदली आहे. मशीन व हत्यारांच्या कर्जाला दोन महिन्यांची सवड द्यावी आणि थकबाकीदारांची नावे वाचू नयेत, हे दोन ठराव बहुमताने मंजूर झाले. बाकीच्या सूचना समितीकडे विचारार्थ आहेत.)